घर पाहावं... गल्लीत उभं राहून!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून नक्की ऐकली असेल. घर बांधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात, असा तिचा अर्थ. पण तयार घर विकत घेणं तरी कुठं सोपं असतं? आणि तेही परक्या देशात?

आज आपण असंच एक घर बघायला जाणार आहोत. खूप लांब, युरोपातल्या नेदरलँड्समध्ये. आजोबांच्या पिढीत ज्याला सगळे हॉलंड म्हणायचे, तोच हा देश. पवनचक्क्या, ट्यूलिपची शेतं, समुद्राला बांध घालून मिळवलेली जमीन, एवढं तर भूगोलाच्या पुस्तकात असतंच. पण तिथली साधी माणसं राहतात कशी, त्यांची मुलं खेळतात कुठं, हे काही पुस्तकात नसतं. म्हणून ही खटपट!

समजा, तुमच्या आईला तिकडे नोकरी लागली आहे. कल्पना अगदीच हवेतली नाही बरं का. पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं आज तिकडे राहतात. सुरुवातीची वर्षं भाड्याच्या घरात जातात आणि मग एक दिवस जेवताना विषय निघतो, ‘आता स्वतःचं घर घ्यायचं का?’ आई-बाबा कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करू लागतात. तुम्ही विचारता, ‘तिथं खेळायला जागा आहे का?’ मोठी माणसं हसतात. पण खरं सांगू? त्या देशात हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. कसा, ते पुढं कळेलच.

चला तर, उट्रेख्त शहरातून लोकल गाडी पकडू. जेमतेम दहा मिनिटांत हाउटन येतं. सुमारे पन्नास हजार वस्तीचं हे गाव. साठ वर्षांपूर्वी हे एक छोटंसं खेडं होतं. चर्च, चार दुकानं आणि भोवती शेतं. उट्रेख्तमध्ये माणसं मावेनात, तेव्हा सरकारनं हाउटनला वाढवायचं ठरवलं. आपल्याकडे मुंबईची गर्दी कमी करायला नवी मुंबई वसवली, तसाच प्रकार, फक्त आकारानं खूपच लहान.

स्टेशनातून खाली उतरलात की पहिला धक्का बसतो. समोर रिक्षा नाहीत, टॅक्सींची रांग नाही, हॉर्न तर नाहीच नाही. रुळांच्या खाली सायकलींचा एक प्रचंड तळ आहे. तीन हजारांहून जास्त सायकली तिथं उभ्या राहू शकतात! आणि गावात शिरणारा मुख्य रस्ता कोणाचा? सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा. मग मोटारी गेल्या कुठं?

याचं उत्तर चित्र काढूनच समजेल. एक कागद घ्या. त्यावर एक मोठं वर्तुळ काढा. हा गावाभोवतीचा वळसा रस्ता. त्याला तिथं ‘रोंडवेख’ म्हणतात. आता वर्तुळाच्या आत फुलाच्या पाकळ्यांसारखे भाग पाडा. प्रत्येक पाकळी म्हणजे एक वस्ती. मोटारीला एका पाकळीतून शेजारच्या पाकळीत जायचं असेल तर सरळ वाटच नाही! तिनं आधी बाहेर वर्तुळावर यायचं, वळसा घालायचा आणि मग दुसऱ्या पाकळीत शिरायचं. सायकलवाला मात्र मधूनच सुळकन जातो. शेजारच्या वस्तीतल्या मैत्रिणीकडे तुम्ही सायकलवरून दोन मिनिटांत पोचाल आणि बाबा मोटारीनं निघाले तर तुमच्या मागून येतील! रॉब डेर्क्स नावाच्या रचनाकाराची ही कल्पना. गाव आणखी वाढलं तेव्हा पहिल्या वर्तुळाला दुसरं जोडलं. बहुतेक शाळा आतल्या सायकलवाटेच्या कडेलाच आहेत, त्यामुळे मुलांना शाळेत सोडायला मोटार काढायची गरजच पडत नाही. २००८ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हाउटनला देशातलं सर्वांत चांगलं ‘सायकल-शहर’ हा मान मिळाला.

काही ठिकाणी सायकलवाटेवर मोटारींनाही परवानगी असते. तिथला डांबरी रस्ता लाल असतो आणि पाटीवर लिहिलेलं असतं, ‘आउटो टे खास्ट’. म्हणजे मोटार इथं पाहुणी आहे. पाहुण्यानं कसं वागायचं, हे काय वेगळं सांगायला हवं?

आता वस्तीत शिरू. विटांची, उतरत्या छपरांची, एकाला एक चिकटलेली घरं. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या जुन्या चाळी डोळ्यांसमोर आणा, पण प्रत्येक घर जमिनीपासून माळ्यापर्यंत एकाच कुटुंबाचं. याला ‘राइट्येसहाउस’ म्हणतात, म्हणजे ओळीतलं घर. ओळीच्या टोकाचं घर जरा महाग, कारण त्याला एका बाजूनं जास्त उजेड. पुढं चार पावलांची बाग, मागं थोडी मोठी बाग, तिच्या टोकाला सायकली ठेवायची लाकडी खोली आणि तिच्यामागून जाणारी चिंचोळी बोळ. मोठमोठ्या खिडक्या आणि पुष्कळ घरांना दिवसा पडदेच ओढलेले नसतात! रस्त्यावरून जाताना आतलं सोफा, पुस्तकं, मांजर असं सगळं दिसतं. पण कोणी टक लावून बघत नाही. तो शिष्टाचार आहे.

जून महिन्यात गेलात तर आणखी एक गंमत दिसेल. काही घरांवर देशाचा झेंडा आणि झेंड्याच्या काठीला चक्क एक दप्तर लटकावलेलं! त्या घरातलं मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं, असा त्याचा अर्थ. पेढे वाटायच्या आधीच साऱ्या गल्लीला निकाल कळतो!

ज्या घरावर ‘टे कोप’ अशी पाटी असेल ते विकाऊ. आपलं घर हेच. चला आत.

दारात शिरल्या शिरल्या इवलासा संडास. त्याच्या भिंतीवर हमखास एक दिनदर्शिका टांगलेली. तिच्यावर फक्त नातेवाईक-मित्रांचे वाढदिवस! म्हणजे विसरायची सोयच नाही. मग बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर तीन झोपायच्या खोल्या. जिना मात्र सांभाळून चढा, शिडीसारखा उभा असतो. सगळ्यात वर माळा, तिथं कपडे धुण्याचं यंत्र आणि पाणी तापवायचा बंब. असं घर साधारण शंभर-एकशेवीस चौरस मीटरचं, म्हणजे अकराशे ते तेराशे चौरस फुटांचं असतं.

प्रत्येक विकाऊ घराला प्रगतिपुस्तकासारखा एक शेराही असतो. ‘ए’ म्हणजे हिवाळ्यात कमी इंधनात उबदार राहणारं घर आणि ‘जी’ म्हणजे गळकं. पावसानं नव्हे, उष्णतेनं गळकं! आई हा शेरा आधी विचारणार, कारण त्यावर दरमहाचं बिल ठरतं. बाबा पाया कसा आहे ते विचारणार. हेही बरोबरच. या देशातली पुष्कळ जमीन भुसभुशीत. आम्स्टरडॅमच्या चौकातला राजवाडा तर १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, असं तिथल्या मुलांना शाळेत शिकवतात. जमिनीतलं पाणी खाली गेलं की अशा खांबांचे शेंडे उघडे पडून कुजतात आणि घर खचायला लागतं. म्हणून जाणकाराकडून घर तपासून घेतल्याशिवाय शहाणा माणूस सही करत नाही.

सहीचा विषय निघालाच आहे, तर व्यवहार कसा होतो तेही बघू. घरांच्या दलालाला तिथं ‘माकलार’ म्हणतात. विकणाऱ्याचा एक आणि हवा असेल तर घेणाऱ्याचा दुसरा. घर बघायला मोजकी मिनिटं मिळतात. त्यानंतर आपण किंमत कळवायची. पाटीवर जी किंमत असते तिच्यापेक्षा जास्त बोली लावावी लागणं ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. दुसऱ्यांनी किती बोली लावली हे बहुतेक वेळा आपल्याला ठाऊक नसतं. म्हणजे डोळे बांधून लिलाव!

बोली मान्य झाली की करार लेखी. तोंडी शब्दावर घराचा व्यवहार पक्का होत नाही. आणि मग कायद्यानं घेणाऱ्याला दिलेली एक मोठी सवलत सुरू होते. सही केलेल्या कराराची प्रत हातात पडली की विचार करायला तीन दिवस! त्यात निदान दोन तरी कामाचे दिवस असावेच लागतात. या मुदतीत ‘नको’ म्हटलं तरी दंड नाही, कारणही सांगावं लागत नाही. विकणाऱ्याला मात्र असं माघारी फिरता येत नाही. शेवटी सगळे नोटारिसकडे जमतात. हा सरकारमान्य कायदेपंडित दोन्ही बाजूंना करारपत्र समजावून देतो. डच भाषा येत नसेल तर दुभाषा बसवावा लागतो. मग घराची नोंद ‘कडास्टर’ या जमीन-नोंदणी कचेरीत होते. आपल्याकडे सातबारा, तसं तिथं हे. हे काम १८३२ सालापासून चालू आहे!

आता पैसे. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये विकल्या गेलेल्या जुन्या घरांची सरासरी किंमत साडेचार लाख युरोच्या आसपास होती. एका युरोचे शंभर रुपये धरले तर साडेचार कोटी रुपये! वर स्वतः राहणाऱ्या खरेदीदाराला साधारणपणे दोन टक्के कर. म्हणजे नऊ हजार युरो तिथंच गेले. बहुतेक लोक तीस वर्षांचं कर्ज काढतात. घर झाल्यावर पाणी-मंडळाचा कर येतो तो वेगळाच. हे पाणी-मंडळ म्हणजे बांध आणि कालवे सांभाळणारी निवडून आलेली संस्था. यातल्या काहींचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागं जातो, आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हापर्यंत!

एवढे पैसे मोजून माणसं नक्की घेतात तरी काय? विटा? माळा? उभा जिना? तेवढंच असतं तर शहराच्या मध्यभागीही घर मिळालं असतं. थोडं बाहेर या. गल्लीत उभे राहा आणि कान द्या.

चेंडूचा टप् टप् आवाज. कोणीतरी खडूनं रस्त्यावर घरं आखून लंगडी घालतंय. तीन-चार वर्षांचं एक पोर तीनचाकी घेऊन रस्त्याच्या अगदी मधोमध. त्याची आई आतून खिडकीतून बघतेय, पण ‘कडेला हो!’ म्हणून ओरडत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक निळी पाटी आहे. तिच्यावर चित्रं आहेत घराचं, चेंडू खेळणाऱ्या मुलाचं, मोठ्या माणसाचं आणि एका मोटारीचं. ही पाटी म्हणजे ‘वोनएर्फ’. वोन म्हणजे राहणं, एर्फ म्हणजे घराभोवतीचं आवार, परसू. राहत्या घरांचं सामाईक अंगणच म्हणा ना! या पाटीच्या आत सगळा रस्ता चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्यांचा. मोटारीनं माणसाच्या चालीनं जायचं. आणि नुसत्या पाटीवर भरवसा ठेवलेला नाही हं. रस्ताच वाकडातिकडा, मध्ये झाड, मध्ये उंचवटा, फूटपाथ वेगळा नाहीच. वेगानं जावं म्हटलं तरी जाता येत नाही.

तुम्हाला वाटेल, डच लोक जात्याच शांत आणि शिस्तीचे. म्हणून त्यांच्या गल्ल्याही शांत. साफ चूक!

१९७१ साल. नेदरलँड्समध्ये मोटारी झपाट्यानं वाढल्या होत्या. जुन्या पेठांतली घरं पाडून रस्ते रुंद करायची योजना चालली होती. त्या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली चारशेहून अधिक लहान मुलं होती. चारशे! कितीतरी शाळांचे वर्गच्या वर्ग रिकामे झाले असते, इतकी मुलं. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या एका पत्रकाराची मुलगी अशीच अपघातात गेली. त्यांनी १९७२ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, ‘स्टॉप द किंडरमोर्ट’. मुलांच्या हत्या थांबवा! अपघात नव्हे, हत्या. हा शब्द लोकांच्या काळजाला भिडला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप रस्त्यावर उतरले, मुलांना घेऊन सायकलींचे मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले.

आणि मुलं गप्प बसली होती का? मुळीच नाही! आम्स्टरडॅममध्ये ‘द पाइप’ नावाची दाटीवाटीची पेठ आहे. तिथल्या मुलांना खेळायला बोटभर जागा नव्हती, सगळीकडे मोटारी उभ्या. तुमच्याच वयाच्या त्या मुलांनी आपली गल्ली मोटारींना बंद व्हावी म्हणून सह्या गोळा केल्या, रस्ता अडवला, संतापलेल्या मोटारवाल्यांची बोलणी खाल्ली. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांच्यावर एक माहितीपट दाखवला गेला आणि सारा देश बघत राहिला.

तिकडे डेल्फ्ट गावात नगरपालिकेचे अभियंता योस्ट व्हाल आणि त्यांचे सहकारी रहिवाशांबरोबर नवे प्रयोग करत होते. गल्ल्यांमध्ये झाडं, वळणं, उंचवटे. म्हणजे मोटारीची चाल आपोआप मंदावते. वोनएर्फ जन्माला आला तो इथंच. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि सरकारनं काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली आणि चाकांचे बूट घेऊन उतरले. मोटारीविना रस्ता कसा दिसतो, हे तेव्हा साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९७६ मध्ये वोनएर्फला कायद्याची मान्यता मिळाली. हाउटनसारखी गावं त्याच काळात आकाराला आली.

याचा परिणाम? १९७१ मध्ये त्या देशाची लोकसंख्या सव्वा-दीड कोटींच्या मधे होती, आज एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात आहे. मोटारी तर कितीतरी पटींनी वाढल्या. तरी २०२४ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांचा आकडा पावणेसातशेच्या आसपास होता. तोही कमी नाही, आणि त्यात सायकल चालवणारी वयस्कर माणसं खूप असतात. काम संपलेलं नाही. पण तीन हजारांवरून इथवर येणं ही काही जादू नव्हती. मोटारींचे चांगले ब्रेक, पट्टे, हेल्मेट यांचाही त्यात वाटा आहे. रस्त्यांचा मात्र फार मोठा आहे.

म्हणजे आई-बाबा साडेचार लाख युरो मोजून विटांबरोबर ही शांतताही घेतात. आणि ती शांतता कोणाच्या तरी आईनं, बापानं आणि शाळकरी मुलांनी भांडून मिळवलेली आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. अशी घरं हवी असणारे खूप आणि घरं थोडी. आजमितीला त्या देशात जवळपास चार लाख घरांचा तुटवडा आहे. नुकतेच नोकरीला लागलेले कितीतरी तरुण आई-वडिलांच्याच घरात राहतात, कारण भाडंही परवडत नाही आणि विकतही घेता येत नाही. मात्र एक गोष्ट चांगली. देशातल्या दहा घरांपैकी सुमारे तीन घरं गृहसंस्थांची, कमी भाड्याची आहेत. त्यातली पुष्कळशी अशाच वस्त्यांत, अशाच गल्ल्यांवर. निळी पाटी घराचा मालक कोण, हे विचारत नाही. भाडेकरूच्या मुलालाही रस्ता तेवढाच मोकळा.

शिवाय शांत वस्तीत राहायचं तर मुलांनाही तयारी करावी लागते. वस्तीत जागोजागी तळी आणि पाण्याचे चर. म्हणून तिथली मुलं लहानपणीच पोहण्याची परीक्षा देतात, तीसुद्धा अंगावर कपडे घालून! कारण पाण्यात पडणारा माणूस आधी कपडे थोडेच बदलतो? प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गात रहदारीची परीक्षा असते. लेखी आणि शिवाय प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. हात कधी दाखवायचा, उजवीकडून येणाऱ्याला कधी थांबून वाट द्यायची, सगळं तपासतात. मग ती मुलं एकटी सायकलवरून शाळेत, क्लबमध्ये, मित्राकडे जातात. बाबांनी सोडायला यायची वाट बघत बसत नाहीत.

आपली मराठी कुटुंबं या साऱ्यात कुठं बसतात? आम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेनमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथं दिवाळीचा जाहीर सोहळा होतो, किराणा दुकानात हिंग-पोहे मिळतात. म्हणून बरेच जण तिकडं घर शोधतात. काही जण मात्र हाउटनसारख्या गावाकडे वळतात. तिथं शेजारी डच, भाषा शिकावीच लागते, गणपतीला उट्रेख्त किंवा आम्स्टरडॅम गाठावं लागतं. ओळखीची माणसं जवळ हवीत, की मुलांना मोकळी गल्ली? जेवणाच्या टेबलावर हा वाद चांगलाच रंगतो. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं. पण वादात मुलांनाही विचारलं जावं, एवढं नक्की!

आणि तुम्हाला साडेचार कोटी मोजून तिकडं जायची गरज नाही. या रविवारी एक वही घ्या आणि आपल्या सोसायटीच्या, वाडीच्या किंवा पेठेतल्या गल्लीत अर्धा तास उभे राहा. किती गाड्या गेल्या? किती उभ्या होत्या? किती मुलं खेळत होती? किती आजी-आजोबा बिनघोर चालत होते? सगळं लिहून काढा, गल्लीचा नकाशा काढा, कुठं एखादं झाड किंवा उंचवटा हवा ते दाखवा. मग तो कागद सोसायटीच्या सभेत किंवा तुमच्या नगरसेवकांकडे घेऊन जा. खाली मात्र सगळ्या दोस्तांच्या सह्या हव्यात.

‘द पाइप’च्या मुलांनीही सुरुवात सह्यांपासूनच केली होती!